पिवळं पाणी

स्वयंपाकघरातले चमचे रोज कमी होत होते आणि मामी रोज भोपळ्यालाच धारेवर धरत होती. सुट्टीला आलेल्या भाचरांत तोच खादाड, म्हणून. शेवटी भोपळ्या, त्याची ताई आणि मामाची धाकटी लेक चिमणी यांनी चोर पकडायचा विडा उचलला.

फार कष्ट पडलेच नाहीत. दुपारी मामाच चमचा खिशात घालून न्हाणीघरात शिरला आणि त्याने आतून कडी लावली! तो खोकत बाहेर आल्यावर पोरांनी त्याला गाठलं. मामीच्या सायकलची जुनी घंटा तो निकेलचा मुलामा देऊन चकचकीत करणार होता, गुपचूप. म्हणून खिडकीही बंद. बादलीत व्हिनेगर आणि मीठ, चार्जरच्या एका तारेला घंटा, दुसरीला रोज नवा चमचा. निकेलची पट्टी मिळाली नव्हती.

"स्टीलमध्येही निकेल असतंच की," मामा ऐटीत म्हणाला.

ताईने आत डोकावलं आणि तिचा घसा चरचरला. शाळेच्या प्रयोगात निकेलचं पाणी हिरवं झालं होतं. हे पिवळंधमक होतं. स्टीलमधलं क्रोमियम असं पाण्यात उतरलं की ते जहाल विष होतं, असं विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं. तिने मामाला तसं सांगितलं, पण तो कसला ऐकतोय! चहा झाला की तो बादली नालीत ओतणार होता. नाली मागच्या तळ्यात जायची आणि तळ्यात चिमणीची बदकं होती. चिमणी रडायलाच लागली.

मग भोपळ्याने फाटकातून हाक दिली, "मामा, तुझ्या स्कूटरला गिऱ्हाईक आलंय!"

विकायला काढलेल्या त्या खटाऱ्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मामा केस विंचरत धावला. तोवर ताईने मामीला बोलावलं. मामीने आधी बटण बंद केलं, खिडकी उघडली, बाईंना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं हातमोजे घालून पाणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं. मामा तणतणत परतला, तर तिने फोन त्याच्याच कानाला लावला. मिठामुळे बंद न्हाणीघरात विषारी क्लोरीन वायूही साठत होता, हे बाईंकडून ऐकता ऐकता त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

बाईंच्या ओळखीच्या मुलाम्याच्या कारखान्याने तो डबा ताब्यात घेतला आणि शुद्ध निकेलची पट्टी दिली. घंटा अंगणात चमकली: मीठ न घालता, हातमोजे आणि चष्मा चढवून. ते हिरवं पाणीही कारखान्यातच गेलं. मामीने भोपळ्याची माफी मागितली आणि तिघांची तोंडभरून स्तुती केली.

संध्याकाळी मामा तळ्याकाठी चिमणीजवळ बसला. "चमचे बाजारात मिळतात गं. तुझी बदकं मी कुठून आणली असती?"

चिमणीने त्याचा हात घट्ट धरला. "आणि आम्ही तुला कुठून आणलं असतं, बाबा?"