वरच्या तळ्याचे आकडे

"बेर्मेतनंच आबांना सर्व्हरचं दार बंद केलंय. सूडानं!" तुराट अगाय म्हणाले.

डोंगरातल्या चार तळ्यांच्या पातळीवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाचे ते प्रमुख; 'अगाय' म्हणजे सर. शनिवारी सर्व्हरची प्रणाली नवी झाली. तेव्हापासून तीन तळ्यांवरच्या ठाण्यांच्या फाईली येत होत्या. वरच्या तळ्यावरून तिथल्या ठाण्याच्या काल्मात आबांना मात्र आकडे फोनवर वाचून दाखवावे लागत होते. आणि शुक्रवारीच बेर्मेतचं आबांशी कडाक्याचं भांडण झालेलं.

"दुपारी तिला काढून टाकतोय. सकाळी सगळ्यांसमोर दगाबाज म्हणालोच आहे."

तिथं बसलेल्या तरुण सहायक एर्मेकला हे पटलं. भांडण झालं, दार बंद झालं. आणखी काय हवं? पण थोरल्या सहकारी बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, चहा पीत गप्प होत्या, म्हणजे त्यांना पटलं नव्हतं. अशा वेळी एर्मेकला नेहमीच आपण मठ्ठ असल्यासारखं वाटे.

शेजारच्या खोलीत सर्व्हर सांभाळणारी बेर्मेत ताठ बसली होती. डोळे कोरडे.

"भांडले, एजे. आबा तापमानाच्या रकान्यात 'गारठा' लिहितात! पण खातं नाही बंद केलं. खाती, परवानग्या, सगळं जुनं जसंच्या तसं आणलं."

"इथं येऊन किती वर्षं झाली?"

"दोन."

एजेंनी आबांना फोन लावून पासवर्ड विचारला. आधी मुद्दाम एक अक्षर चुकवलं. सर्व्हर म्हणाला, पासवर्ड चुकीचा. मग बरोबर टाकला. या वेळी तक्रार नाही; क्षणभर थांबून त्यानं नुसतंच हाकललं.

"काय दिसलं, एर्मेक?"

"दोन्ही वेळा हाकललं."

"तुझ्यापुढं हात टेकले बाबा!"

एजेंनी ठाण्यांच्या जागा उघडायला लावल्या. तिघांच्या फाईली 'आवक' नावाच्या आतल्या कप्प्यात होत्या. आबांच्या सहा वर्षांच्या फाईली बाहेरच पसरलेल्या.

"आबा, फाईल आवकमध्ये नाही का टाकत?"

"ते काय असतं, पोरी?" फोनवर आबा खाकरले. "तुराट म्हणाला, आबा, कुठंही टाका. शाळेत मीच शिकवलंय त्याला. गुणी पोरगा!"

एजेंनी फोन ठेवला आणि बेर्मेत आणि एर्मेकला घेऊन तुराट अगायांच्या खोलीत गेल्या.

"अगाय, दार बेर्मेतनं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर बरोबर पासवर्डलाही सर्व्हरनं चुकीचाच म्हटलं असतं. त्यानं आबांना ओळखलं, आणि मग खोली बघून नकार दिला."

"कसली खोली?"

"प्रत्येक ठाण्याला सर्व्हरवर एक खोली असते, तिच्याबाहेर जाता येत नाही. त्या खोलीत फेरफार करायची मुभा आत येणाऱ्या पाहुण्यालाच असेल, तर नवी प्रणाली त्याला धोका समजून आत घेत नाही. जुनी काणाडोळा करायची. तिघांना मुभा फक्त आतल्या कप्प्यात आहे. आबांना अख्ख्या खोलीत, सहा वर्षांपासून. बेर्मेत आली दोन वर्षांपूर्वी. मग ती मुभा कुणी दिली?"

तुराट अगायांचा चेहरा उतरला. एर्मेकला त्यांची कीव आली.

"गुरुजींना कसं सांगायचं, की तुम्ही चुकीच्या जागी टाकता?" ते पुटपुटले. "तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला म्हटलं, सगळंच मोकळं करून टाक."

"मान राखलात, चांगलं केलंत," एजे म्हणाल्या. "पण त्याची शिक्षा या पोरीला होत होती."

बेर्मेतनं बाहेरच्या खोलीची मुभा काढली, आत कप्पा केला आणि आबांना फोनवर समजावलं. तिसऱ्या मिनिटाला फाईल आली.

"एवढंच होतं?" आबा ओरडले. "मग सहा वर्षं कुणी बोललं का नाही?"

बेर्मेतनं फोन ठेवला आणि ती तुराट अगायांकडे वळली.

"मी कामावर येते, अगाय," बेर्मेत म्हणाली. "पण शिवी सगळ्यांसमोर होती."

तुराट अगाय उठले, दार उघडलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"चूक माझी होती. या पोरीची नव्हती," ते म्हणाले.

सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी बसलेली बेर्मेत तेव्हा रडली.