कॅप्टन सुहैरच्या किल्ल्या

अलेक्झांड्रियात पाऊल ठेवून मला जेमतेम अर्धा तास झाला होता आणि मी नखशिखान्त भिजले होते. ट्रामच्या थांब्याला छप्पर होतं, नाही असं नाही. पण समुद्रावरून नव्वा, म्हणजे हिवाळी वादळ, सुटलं की इथला पाऊस वरून पडतच नाही, आडवा येतो. शेवटी मी बॅग छातीशी धरून रताळेवाल्याच्या गाडीकडे धावले आणि त्याच्या ताडपत्रीखाली घुसले.

तिथे आधीच एक जण उभा होता. उंच, चष्म्यावर थेंबच थेंब, आणि हातात गाडीवरचं शेवटचं भाजलेलं रताळं… वाफाळतं.

मी त्या रताळ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"अर्धं घ्या," तो म्हणाला. "नाहीतर माझ्या पोटात दुखेल."

"माझी नजर लागत नाही कुणाला."

"अरेरे," तो चष्मा पुसत म्हणाला, "मला वाटलं, लागली."

असल्या माणसांशी बोलू नये, असं आईने तांताहून निघताना बजावलं होतं. पण भूक लागली होती, आणि रताळं गोड होतं. चष्मा काढल्यावर त्याचे डोळेही… जाऊ दे. मी बोलले. भरपूर बोलले.

"तांताहून आलात? मग चणे आणले असतील!"

"तांताच्या माणसाला सगळा देश एवढंच विचारतो," मी फणकारले. "मी चणे विकायला नाही आले. जिम्नॅस्टिक्सची कोच आहे. बदलीवर. इथे कोणी कॅप्टन सुहैर आहेत, त्या संत्र्यांची पिशवी घेऊन आपल्याच जिन्यावरून घसरल्या. पाय मोडला. आणि स्पर्धा तोंडावर. बाई भयंकर खडूस आहे म्हणे. मुली तिच्या सावलीला घाबरतात."

तो सावकाश रताळं चावत राहिला. "खडूस… हो. माझ्याही कानावर आलंय."

ट्राम आली. मी चढले. नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट मला पुढचे तीन थांबे लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी क्लबच्या हॉलमध्ये मुलींना व्हॉल्टच्या उड्या मारायला लावत होते, तोच दारातून आवाज आला. "आई म्हणते, स्प्रिंगबोर्ड वीतभर मागे घ्या."

तोच चष्मा. तेच डोळे.

"कोणाची आई?"

"माझी. कॅप्टन सुहैर." त्याने अदबीने मान लववली. "ती खडूस बाई."

धरणी दुभंगावी असं वाटलं. मुली मात्र खिदळत होत्या. लमीस तर, अकरा वर्षांची, पण जीभ चाळिशीची, हसता हसता गादीवर लोळली.

त्याचं नाव हाझेम. ट्रामच्या रस्त्याला चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. आईचा पाय प्लास्टरमध्ये, पण तोंड मोकळं. फोनवर माझ्यासारख्या परक्या मुलीशी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद करून हा निरोप्या हजर.

माझं काय पणाला लागलं होतं ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. क्लबच्या चिटणीसांनी स्पष्ट सांगितलं होतं: मुली पहिल्या तिनांत आल्या तर दुसरी कोच म्हणून तुम्ही कायम, नाहीतर स्पर्धेनंतर तांताची गाडी पकडा. तांतात वडिलांचं हलव्याचं दुकान माझी वाट पाहत होतं. याआधीही मी बदलीवर दोन क्लब फिरले होते. खरी कोच परतली की मला निरोपाचा चहासुद्धा कुणी पाजला नव्हता.

आणि मुली मला कॅप्टनही म्हणत नव्हत्या. आमच्याकडे कोच म्हणजे कॅप्टन, मग तो कितीही भिकार का असेना. मी मात्र 'मिस'!

"कॅप्टन एकच असते, मिस," लमीसने मला समजावलं. "ती सध्या प्लास्टरमध्ये आहे."

खरी अडचण होती रिताजची. नऊ वर्षांची, पायाने मांजर, बीमवर चालायला लागली की बघत राहावं. पण मागची कमान टाकायची वेळ आली की हात वर करायची आणि… थांबायची. पुतळा! मी गोड बोलले, रागावले, बीमखाली गाद्यांचा डोंगर रचला. "काय होतं गं तुला?" विचारलं की खाली मान. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघत आणि गप्प बसत.

"आई म्हणते, रिताजला ओरडू नका," हाझेम म्हणाला.

"तुमच्या आईला सांगा, मी ओरडत नाही!" मी ओरडले.

"आई म्हणते," दुसऱ्या दिवशी तो पुढे झाला, "दिवसभर उपाशी राहून शिकवू नये." आणि कागदात गुंडाळलेलं कलेजीचं सँडविच पुढे केलं, भरपूर मिरची घातलेलं.

"हे त्यांना कसं कळलं, मी उपाशी आहे ते?"

"आईला सगळं कळतं."

मग एकदा, "आई म्हणते, निळा रुमाल तुम्हाला छान दिसतो."

"त्यांनी तर मला पाहिलंही नाही!"

तो गडबडला. कान लाल झाले. "मी… वर्णन केलं होतं."

त्या रात्री मी रुमाल धुतला, वाळवला आणि पुन्हा तोच बांधायचा की नाही यावर विचार करत बसले. बांधला. काय करणार!

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून नव्वा पुन्हा सुटला होता. परक्या हॉलच्या पत्र्यावर पाऊस नुसता ताशा बडवत होता. मुली रांगेत बसून वेण्या घट्ट करत होत्या, तेवढ्यात हाझेम धापा टाकत आला आणि त्याने माझ्या हातावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.

"आई म्हणते, हा खिशात ठेवा. रिताजने हात वर केले की वाजवा."

"काय?"

"आईची युक्ती आहे. कोचने बोलायचं नाही, खूण करायची नाही, असा नियम ना? पण किल्ल्यांचं कुठे लिहिलंय, असं ती म्हणते. बीमवर पोरगी अडली की ही खिशात किल्ल्या वाजवते, आणि पोरगी जाते. मुलींनी कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली होती. काल लमीसला राहवलं नाही, तिने आईला फोन केला. मलाही आत्ताच कळलं."

म्हणजे इतके दिवस पोरगी किल्ल्यांची वाट बघत उभी राहत होती, आणि मी गाद्या रचत होते! मला हसू येईना, रडू येईना.

मी जुडगा त्याच्या हातात परत दिला. "ही खूणच झाली. मी नाही करणार."

"हरलात तर तांता," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर…"

"वर प्रेक्षकांत जाऊन बसा," मी म्हणाले. जुडग्याकडे बोट दाखवलं. "आणि त्या वाजल्या तर माझ्याशी गाठ आहे."

मग मी रिताजसमोर उकिडवी बसले आणि सरळ सांगितलं, "हबीबती, आज किल्ल्या नाहीत."

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.

"एक सांग. कॅप्टन सुहैर किल्ल्या कधी वाजवायच्या?"

"मी हात वर केले की."

"म्हणजे आधी कोण? तू की किल्ल्या?"

तिने बराच विचार केला. नाकाला खडूची पूड लागली होती, ती मी पुसली. "…मी आधी?"

"तूच आधी. त्या तुझ्या मागून यायच्या."

शेवटची पाळी बीमची होती, आणि शेवटची मुलगी रिताज. हिरवा दिवा लागला. ती चढली, चालली, वळली… सगळं सुरेख. मग हात वर. आणि पुतळा.

पत्र्यावर पाऊस. बाकी चिडीचूप. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. नजर मात्र चोरून वर गेली. हाझेम दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांवर बसला होता, डोळे मिटून! त्याही क्षणी मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की सांगता सोय नाही.

आणि मग… 'टक्‌. टक्‌. टक्‌.'

परीक्षक बाईंनी चमकून मान वर केली. रिताज होती ती. टाळूला जीभ लावून स्वतःच किल्ल्या वाजवत होती! हॉलभर हशा पिकला, आणि त्या हशातच ती मागे वाकली, कमान झाली, एक पाय, दुसरा पाय… दोन्ही बीमवर.

फळ्यावर आकडे लागायला वेळ लागला. मी बघितलंच नाही. लमीस माझ्या कमरेला येऊन धडकली. "तिसऱ्या! आपण तिसऱ्या! कॅप्टन नेरमीन, बघा ना!"

कॅप्टन नेरमीन. मी भोकाड पसरलं, अगदी लाज सोडून.

बाहेर पाऊस कोसळतच होता. दाराशी एक रताळ्याची गाडी होती, मुली तिच्या ताडपत्रीखाली दाटीवाटीने उभ्या राहिल्या. हाझेम माझ्यासमोर आला. चष्म्यावर थेंबच थेंब.

"आई म्हणते, मबरूक."

"आणि?"

"आई म्हणते, त्या किल्ल्या परत दिल्यात हे बरं केलंत. तिला राग आलाय, पण… बरं केलंत."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. हात थोडे वर उचलले… आणि पुतळा! मीही काही कमी नव्हते. पाय जमिनीला चिकटले होते आणि काळीज त्या पत्र्यासारखं वाजत होतं.

ताडपत्रीखालून आवाज आला. 'टक्‌. टक्‌. टक्‌.' एक रिताज, मग लमीस, मग सगळ्याच.

तो हसला. कानांपर्यंत लाल झाला.

"नेरमीन, हे आई नाही म्हणत. मी म्हणतोय. तू मला आवडतेस. तू रताळ्याकडे बघत होतीस ना, तेव्हापासून. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत नव्हतीस याचं फार वाईट वाटलं होतं मला."

"बघत होते," मी म्हणाले. "रताळं मधे येत होतं."

मुली किंचाळल्या. मी हात पुढे केला. "किल्ल्या द्या."

"आता कशाला?"

"घराच्याच आहेत ना? चला. कॅप्टन सुहैरना खडूस म्हटल्याची माफी मागायची आहे." मी जुडगा घेतला आणि त्याच्या कानाशी मनसोक्त वाजवला. "आणि त्यांचा मुलगा मागायचा आहे."