पाणी न धरणारं तळं

चक्र पुन्हा थांबलं होतं.

कोमलच्या वर्गातल्या प्रितमने पात्यांमध्ये काठी घालून ते ढकललं. एक गिरकी घेऊन ते परत उभं राहिलं.

"ह्याला काही झालेलं न्हाई," तो म्हणाला. "वरनंच पाणी येत न्हाई. काल नळी बंद केली होती का नीट?"

"मीच केली होती. घट्ट," कोमल म्हणाली.

"मग तळं पाणी पितंय," पप्पू म्हणाला. तो कोमलचा चुलतभाऊ, दोघांपेक्षा तीन इयत्ता मागे. त्याच्या बोलण्याकडे सहसा कोणी लक्ष देत नसे. आजही दिलं नाही.

वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर हे तळं कोमलच्या आईने, हिराबाईने केलं होतं. पावसात उतारावरून धावत सुटणारं पाणी तिने आडवे चर खणून अडवलं आणि तळ्यात घेतलं. तळ्यातून एक नळी खाली गोठ्यामागे यायची. उंचावरून आलेलं पाणी लोखंडी चक्र फिरवायचं, त्यावर बॅटरी भरायची, आणि तेच पाणी पुढे वालाच्या वाफ्यांत जायचं. त्याला मोटर लागायची नाही की डिझेल. शेणाचा गॅस चुलीला, पालापाचोळा खताच्या खड्ड्याला. घरातलं काहीच ती वाया जाऊ देत नसे.

"डोंगरावर पडतं ते नुसतं पाणी नसतं, बळ असतं," ती म्हणायची. "पळून जाऊ द्यायचं न्हाई. वर साठवायचं, लागंल तसं खाली सोडायचं."

हिराबाई चैत्रात तापाने गेली. चार दिवसांचा ताप. पहिल्या दिवशी तिने वालाला पाणी दिलं होतं.

आता दिवाळीची सुट्टी लागली होती. यंदा पाऊस भरपूर झाला होता, तरी तळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं. पाऊस होता तोवर तळं भरलेलं दिसायचं. पाऊस थांबला आणि पाणी रोज खाली सरकू लागलं. डोंगरातला झरा अजून वाहत होता, पण तळ्यात पडलेलं पाणी तळ्यात राहत नव्हतं.

आणि रविवारी पप्पूचे वडील, नथूकाका, तळेगावची पार्टी घेऊन येणार होते. उतार विकायचा होता. तळं, चर, आईने लावलेली झाडं, सगळंच.

"आबा, नका ना विकू," कोमल म्हणाली होती.

तिचे वडील महिपती ओट्यावर बसले होते. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "तळं गळतंय, बाळ. पाण्याबिगर त्या उतारावर काय हाय? ती व्हती तवर पाणी व्हतं."

आई गेल्यापासून ते एकदाही वर गेले नव्हते. दिवसभर ओट्यावर बसत. कोणी काही विचारलं की "बरं" म्हणत. जेवायला वाढू का? बरं. जमीन विकायची का? बरं.

"गळतं म्हणजे कुठून तरी गळत असणार," कोमल उठत म्हणाली. "ते शोधायचं. चला."

आधी त्यांनी चोर शोधला. कोणी नळी टाकून पाणी ओढतंय का, ते पाहत तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. नळी नव्हती. मग प्रितमने बांधावरची खेकड्यांची बिळं उकरायला घेतली. त्याची आजी सांगायची, खेकडा बांध पोखरतो आणि शेत रातोरात रिकामं होतं. त्याने कोपरापर्यंत हात घातला.

"चावला तर ओरडू नको," पप्पू म्हणाला.

"चावला तर रात्री कालवण."

बिळं कोरडी निघाली. बांधाच्या बाहेरच्या अंगालाही ओल नव्हती.

मग कोमलने घरातून भाताचा कोंडा आणला आणि पाण्यावर उधळला. तळाला एखादं भोक असेल तर पाणी तिकडे ओढलं जाईल आणि कोंडाही तिकडे सरकेल, असा तिचा हिशेब होता. तिघं काठावर बसून बघत राहिली. कोंडा जिथे पडला तिथेच राहिला.

"वारा न्हाई म्हणून बरं," प्रितम म्हणाला. "भोक न्हाई. मी आत जाऊन बघतो."

"चिखलात रुतशील."

"रुतलो तर ओढा." विजार वर करून तो पाण्यात उतरला. दोन पावलं गेला आणि थांबला. तोंड वाकडं करून एक पाय उचलला. "आयला! खडे टोचतायत. चिखल कुटंय हितं?"

कोमल उभी राहिली. "चिखल नाही?"

"नुसता मुरूम. रस्त्यावर चालल्यागत."

"असणारच," पप्पू म्हणाला. "गाळ बाबांनी न्हेला की. उन्हाळ्यात जेसीबी आणला व्हता. ट्रॅक्टर भरभरून. मी वर बसलो व्हतो."

आता दोघंही त्याच्याकडे बघायला लागली.

उन्हाळ्यात कोमल आजोळी होती. आईचे दिवस झाल्यावर मामा तिला घेऊन गेला होता. मागे इथे काय झालं, ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"कुठे नेला गाळ?"

"कार्ल्याच्या अलीकडं. फार्महाऊसवर. लॉनला पायजे व्हता." मग पप्पूचा आवाज बारीक झाला. "बाबांनी चोरी न्हाई केली. त्यांनी विचारलं व्हतं आबांना. मी हितंच व्हतो. आबा 'बरं' म्हणाले."

दुपारी तिघं सायकली काढून निघाली. फार्महाऊसचं फाटक बंद होतं. मालक फक्त सुट्टीला येत. भिंतीवरून आत डोकावलं तर लॉन पिवळं पडलं होतं. मधेच पाण्याची डबकी होती आणि त्यांत बेडकं.

"पाऊस जाऊन किती दिवस झाले," प्रितम म्हणाला. "हे पाणी अजून कसं काय?"

कोमलने भिंतीवरून आत उडी मारली. चपला हातात घेऊन ती लॉनवर चालली आणि तिसऱ्या पावलाला घसरून बसली.

उठताना तिने पायाची बोटं त्या मातीत रोवली. माती मऊ होती, तुपासारखी. बोटांमधून वर आली आणि चिकटून बसली. हा स्पर्श तिला माहीत होता. ती लहान असताना आईने तिला असल्याच चिखलात उभं केलं होतं. पुढे दोन म्हशी, मागे आई, आईच्या मागे ती. भात लावायच्या आधी शेतात चिखलणी करतात, तशी आईने तळ्याच्या तळाला चिखलणी केली होती. खालून पोयट्याची काळी माती डोक्यावर वाहून आणली, शेण घातलं आणि दोन पावसाळे तुडवत राहिली. गाव हसलं होतं. म्हणे, हिरा तळ्यात भात लावणार.

"ए, कोण हाय रं तितं?" वॉचमनने मागून येऊन भिंतीवर बसलेल्या प्रितमची कॉलर धरली. "उतर खाली. तुम्हीच बोअरचा पाईप तोडला काय?"

"आम्ही माती बघायला आलोय," कोमल म्हणाली.

"माती?" वॉचमन कडवट हसला. "न्या ना. सगळी न्या. पाणीच जिरत न्हाई हिच्यात. दोनदा गवत लावलं, दोनदा कुजलं. साहेब मला शिव्या घालतात, जसं काय मीच चिखल केला."

त्याने स्वतः खताची गोणी आणून दिली. ती भरून त्यांनी सायकलवर बांधली. चढावर गोणी ढकलताना पप्पू एकदम म्हणाला, "आता तू आबांना सांगणार. मग बाबांची अब्रू जाणार."

"तू नको येऊस रविवारी."

पप्पूने गोणीला खांदा लावला. मग म्हणाला, "ट्रॅक्टरवर मी व्हतो. तू न्हवतीस."

त्यांनी तळ्याच्या काठावर दोन सारखे खड्डे खणले. एक तसाच मुरमाचा ठेवला. दुसऱ्याला गोणीतली माती लावली, शेण मिसळलं, आणि आळीपाळीने आत उभं राहून ती तुडवली. पोटऱ्या भरून आल्या तरी तुडवत राहिली. रविवारी सकाळी दोन्ही खड्डे काठोकाठ भरले.

गाडी आली तेव्हा ऊन चढलं होतं. पार्टी खाली रस्त्यावरच गाडीत बसून राहिली. वर उभं राहून त्यांना हद्द दाखवायला महिपतींना वर येणं भाग होतं. ते हळूहळू चढले. तळ्याशी आल्यावर त्यांनी टोपी काढली आणि हातातच धरून ठेवली. नथूकाका मागून घाम पुसत आले.

"बगा भाऊ, मी म्हणालो न्हवतो? तळ्यात दम न्हाई आता."

"काका, गाळ तुम्हीच काढलात ना?" कोमलने साधेपणाने विचारलं.

"मग कोण काढणार? फुकट काढून दिला. जेसीबी लावून पार मुरूम लागंस्तोवर. ढेकूळ ठेवलं न्हाई. इतकं साफ काम तालुक्यात कुणी केलं न्हाई."

"मुरूम लागंस्तोवर?" महिपतींनी मान वर केली.

"चकाचक."

कोमल बाजूला सरली. तिच्या मागचे दोन खड्डे आता महिपतींना दिसले. एकात तळाला ओल होती, बाकी काही नाही. दुसऱ्यात पाणी काठाला लागून उभं होतं.

"दोन्ही आम्ही सकाळी एकदमच भरले," प्रितम म्हणाला.

महिपती भरलेल्या खड्ड्याशी खाली बसले. आत हात घालून त्यांनी काठाची माती बोटांत घेतली.

"ही माती कुटली?"

कोमल तोंड उघडणार तेवढ्यात पप्पू पुढे आला. "लॉनवरची. बाबांनी न्हेलेली. तितं पाणी हटत न्हाई आणि हितं ठरत न्हाई."

नथूकाकांचा हात वर गेला.

"त्याला हात लावू नको, नथू," महिपती म्हणाले. "खरं बोललाय तो."

"मला काय ठावं भाऊ? गाळ म्हणजे गाळ. आनि मी इचारलं व्हतं. तुमीच बरं म्हणालात."

"म्हणालो," महिपती म्हणाले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. "दोन पावसाळे तुडवत व्हती ती. पाय सुजायचे. मी रात्री तेल लावायचो. आनि मी बरं म्हणालो."

त्यांनी बोटांतली माती परत काठाला लावली.

"झालं ते झालं," नथूकाका शेवटी म्हणाले. "पार्टी खोळंबलीय. हद्द दावा, म्हंजे इसार उरकून टाकू."

"जाऊ दे त्यांना. इकायचं न्हाई."

"भाऊ, इचार करा."

"केला. सा म्हयन्यांत पयल्यांदा केला. ट्रॅक्टर तुझा हाय ना? जेवढी न्हेली तेवढी माती परत आण. फार्महाऊसवाला हसत दील. झरा आटायच्या आत तळ धरला पायजे."

नथूकाका मुलाकडे बघत राहिले. मग उतार उतरू लागले. खाली गाडी वळून गेल्याचा आवाज आला.

महिपतींनी तिघांना जवळ बोलावलं. "तुमी तिघांनी बगितलं, ते मला दिसाय पायजे व्हतं," ते म्हणाले. "मी बगायचंच सोडलं व्हतं." त्यांनी पप्पूच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काम सगळ्यात अवघड व्हतं, गड्या." प्रितमला म्हणाले, "तुझ्या आजीला सांग, उद्या म्हस लागंल. आनि तू पन लागशील." मग चिखलाच्या हाताने कोमलचं मनगट धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. नथूकाका स्वतः चालवत होते. ट्रॉलीमागून ट्रॉली आणत होते. यंदा तळं फार तर अर्धं भरणार होतं. वाल अर्धाच लावायचा आणि चक्र एक दिवसाआड चालवायचं, असं ठरलं.

पहिली ट्रॉली ओतली तेव्हा महिपती आत उतरले. काळ्या मातीचं एक ढेकूळ उचलून त्यांनी तळहातावर दाबलं आणि तसंच धरून उभे राहिले. म्हशी काठावर खोळंबल्या होत्या.

"आबा?" कोमल म्हणाली.

"हिच्यात तिचे पाय हायेत," ते म्हणाले.

मग त्यांनी ढेकूळ खाली ठेवलं, त्यावर शेण पसरलं, आणि पहिल्या म्हशीचा कासरा हातात घेतला.

"या आत," ते मुलांना म्हणाले. "उन्हानं वाळायच्या आधी तुडवू."