पातळ पडदा

ढगाळ संध्याकाळी काळा चष्मा लावून तो आमच्या पडद्यांच्या दुकानात शिरला, तेव्हा मला हसूच फुटलं.

"आत ऊन नसतं हो!"

"तुमच्या ट्यूबलाइटचं आहे ना," तो म्हणाला. "कवडसाही येणार नाही असं कापड दाखवा."

फुटबॉल खेळायचा तो. एकाच मोसमात दोनदा डोक्याला मार बसलेला — पहिला बरा व्हायच्या आधीच दुसरा. तेव्हापासून उजेड डोळ्यांत खुपायचा, दोन ओळी वाचल्या की डोकं ठणकायचं. मी गुपचूप काउंटरवरचे दिवे मालवले. अंधुक उजेडात कापड मोजलं... आणि माप चुकलं. माझं, कधी नव्हे ते!

मग तो येतच राहिला. दर वेळी आधीपेक्षा जरा पातळ कापड मागायचा.

"एका खिडकीला किती पडदे लागतात रे?" मामांनी एकदा विचारलंच. दुकान त्यांचं.

"खिडकी फार लहरी आहे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी कात्री शोधत बसले. ती हातातच होती.

एके दिवशी तो चष्म्याशिवाय आला. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले.

"सगळ्यात पातळ दे. डॉक्टरांना सांगितलंय, आता काही दुखत नाही. शनिवारी निवड चाचणी!"

तेवढ्यात मामांनी दुकानाच्या दर्शनी भागातले दिवे लावले. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"दुखतंय तुला."

"कुणाला सांगू नकोस ना... खेळलो नाही तर मी आहे कोण?"

"आणि पुन्हा लागलं तर?"

"आठवण, बोलणं — कशाचाच भरवसा नाही म्हणतात." तो हसला.

मला हसू आलं नाही. मला तो म्हातारा झालेलाही हवा होता... मला ओळखणारा, माझी चेष्टा करणारा. मी कापड परत गुंडाळलं.

"हे मी तुला विकणार नाही."

तो निघून गेला.

नंतर दार वाजलं की मी वळून बघायचे. मैदान दोन रस्ते पलीकडे. शनिवारी तिथली शिट्टी दुकानात ऐकू येत होती आणि प्रत्येक शिट्टीला माझं माप चुकत होतं.

शिट्ट्या चालूच होत्या, आणि दार उघडलं. काळा चष्मा!

"डॉक्टरांना खरं सांगून आलो. आता खेळणं... बहुतेक कधीच नाही." त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. "जाड कापड आहे?"

"आहे."

"लावायला तू ये. मामांना शिडी झेपत नाही ना..."

"काहीतरीच! कालच तर मामा चढले—" मी म्हणाले, आणि जीभ चावली.

पुन्हा शिट्टी वाजली. त्याची मान तिकडे वळली आणि तशीच राहिली. मी दिवे मालवले आणि त्याचा हात हातात घेतला.