सारजाबाईंचं लेथ मशीन

"आबा, मशीन थरथरतंय. सळई बघा कशी झालीय!"

मनकर्णाने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, आणि सांगितल्यावर तिला स्वतःचं कौतुकच वाटलं.

मे महिन्याच्या सुट्टीत ती आणि धाकटा सुग्रीव तलवाड्याला आत्याकडे आले होते. आज चकलांब्याहून त्यांचे वडील, राधाकिशन आबा, आले होते ते मात्र कामासाठी. चकलांब्यात अवजारं आणि पंप दुरुस्त करणारी सहकारी संस्था निघाली होती आणि आबा तिचे चेअरमन होते. संस्थेला जुनं लेथ मशीन हवं होतं. आत्याच्या शेजारी राहणाऱ्या सारजाबाईंना ते विकायचं होतं. त्यांचे पती त्यावर लोखंड कातून बैलगाड्यांचे आस, पंपाचे दांडे बनवत. ते वारल्यापासून मशीन बंद होतं.

आबांनी कातलेल्या सळईवरून बोट फिरवलं. ती गुळगुळीत व्हायला हवी होती, पण तिच्यावर बारीक लाटा उठल्या होत्या. मग ते खाली वाकले, मशीनच्या पायांकडे बघितलं आणि हात झटकत उठले.

"बाई, मशीन झिजलंय. भंगाराच्या भावानं घेतो."

"मालक होते तवा लई झ्याक चालायचं हो," सारजाबाई म्हणाल्या. "पिठाची गिरणी टाकावी म्हणून विकतेय. भंगाराच्या भावात गिरणी कशी येईल?"

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

सारजाबाईंनी मशीनवरून एकदा हात फिरवला. "न्या," त्या शेवटी म्हणाल्या.

आबांनी मनकर्णाच्या पाठीवर थाप मारली. "माझी लेक लई हुशार हाय."

दुपारी आत्याचा मुलगा धर्मराज आणि सुग्रीव त्याच शेडमध्ये गोट्या खेळत होते. मनकर्णा दारात बसली होती. सुग्रीवने गोटी जमिनीवर ठेवली, तर ती आपोआप चालायला लागली आणि थेट मशीनखाली जाऊन नाहीशी झाली.

"माझी गोटी गेली की!"

"तू ढकलली असशील," धर्मराज म्हणाला.

"न्हाई बे, नुसती ठेवली."

धर्मराजने पालथं पडून मशीनखाली हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. "मनकर्णे, इकडं ये. खाली भेग हाय, लई मोठी."

तिघं वाकून बघू लागले. दुष्काळाने गावातली सगळी काळी माती फाटली होती, तशी शेडखालचीही फाटली होती. मशीनच्या एका कोपऱ्याखालची फरशी खचली होती आणि मशीनचा एक पाय चक्क अधांतरी लोंबत होता.

"म्हणजे मशीन चांगलं हाय," धर्मराज हळूच म्हणाला. "जमीन खचल्यामुळं ते थरथरतंय."

मनकर्णाचे कान तापले. सकाळी पाठीवर पडलेली थाप आता तिला नकोशी वाटत होती. ती धावत आबांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आबा खाटेवर पडून होते. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "मला कळलं न्हाई असं वाटलं व्हय तुला? वाकून बघितलं तवाच कळलं. संस्थेचा फायदा झाला. गप बस."

मनकर्णा परत आली. भावांनाही तिने आबांचं उत्तर सांगितलं नाही. तिला ते सांगायची लाज वाटली.

"आबा ऐकत न्हाईत," ती एवढंच म्हणाली. "मग आपणच मशीन नीट करू."

सारजाबाईंना विचारून त्यांनी पहार आणली. सारजाबाईंसह चौघांनी जोर लावून तो कोपरा उचलला आणि भेगेवर जाड पत्रा टाकून पायाखाली लोखंडी पट्ट्या सरकवल्या. सुग्रीवने आणखी एक गोटी मशीनवर ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही.

दुसऱ्या सकाळी संस्थेचे सेक्रेटरी बद्रीनाथकाका टेम्पो घेऊन आले.

"काका," मनकर्णा म्हणाली, "न्यायच्या आधी एकदा चालवून बघा की. मागून तक्रार नको."

"कशाला उगाच," आबा घाईने म्हणाले. "टेम्पो खोळंबलाय."

"पोरगी बरोबर बोलतेय," काका म्हणाले.

सारजाबाईंनी मोटार चालू केली. मशीन एका सुरात फिरू लागलं. काकांनी कातलेली सळई उन्हात धरली. ती आरशासारखी चमकत होती.

"चेअरमन, हे भंगार हाय?"

आबांनी टोपी सारखी केली. मनकर्णाला त्यांच्याकडे बघवेना.

"चूक माझी हाय, काका," ती म्हणाली. "काल मीच थरथरतंय म्हणाले. जमीन खचली होती, ते मला कळलं न्हाई."

मग आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तिची चूक न्हाई, बद्रीनाथ. तिनं कालच मला खरं सांगितलं होतं. मीच तिला गप बसवलं."

काका सारजाबाईंकडे वळले. "पाटोद्याच्या संस्थेनं असलंच जुनं मशीन घेतलंय. त्यांनी दिला तोच भाव आमी देऊ. चालंल?"

"गिरणी येईल त्यात," सारजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

काकांनी तिन्ही मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "असली पोरं संस्थेला पायजेत." सुग्रीव आणि धर्मराज खूश झाले. मनकर्णा मात्र आबांकडे बघत होती.

मशीन टेम्पोत चढलं, तरी आबा शेडमध्येच उभे होते. "बाई," ते म्हणाले, "तुमच्यापुढं उभं ऱ्हायचं तोंड न्हाई मला."

दोन दिवस गावात पाण्याचा टँकर आला नव्हता. सारजाबाईंनी रांजण तिरका करून तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि आबांपुढे धरलं.

"लांब जायचंय. पाणी पिऊन जा."

आबांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, एकच घोट प्यायले आणि उरलेलं पाणी जपून रांजणात ओतायला गेले. सारजाबाईंनी त्यांचा हात धरला.

"सगळं प्या," त्या म्हणाल्या.

आबा मान खाली घालून पाणी प्यायले. मनकर्णा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.