भर श्रावणातली सुकट

"डॉक्टर, तुमच्या पेटीत कुणीतरी हाय."

दाढ दुखणारा माणूस आधी दाढेबद्दल बोलतो. हा मात्र माझ्या दवाखान्यातल्या माशांच्या टाकीला कान लावून उभा होता. एका हातात सुजलेला गाल, शर्टावर श्रावणाच्या भुरभुरीचे थेंब, कॉलरमधून डोकावणारी तुळशीची माळ... आणि डोळे. डोळ्यांचं नंतर सांगते.

"मासे आहेत," मी म्हटलं. "दिसत नाहीत?"

"मासे वाजत न्हाईत. ऐका बरं."

टक!

मी दचकले. तो हसला, आणि हसता हसता दाढेतून कळ गेली म्हणून "आई गं" म्हणाला. अशी आमची ओळख झाली. नाव भागवत. माझ्या दवाखान्यासमोरच त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. समोर असून इतके दिवस दिसला कसा नाही? पण मी कुठे एका जागी उभी राहून रस्ता बघते! जान्हवीच्या पायाला भिंगरी आहे, असं आई उगाच म्हणत नाही.

टाकी ही माझी हौस. जालन्याचं घर सोडून मी मंठ्यात दवाखाना टाकला, तर मुलं दारातच भोकाड पसरायची. ती रमावीत म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, मुंबईहून समुद्रातले दगड मागवले आणि दोन नारंगी जोकर मासे सोडले. त्या दगडांच्या भोकांतून न सांगता पाहुणे येतात – एसटीत विनातिकीट बसल्यासारखे. कुणाकडे खेकडा येतो, कुणाकडे किडा. माझ्याकडे आली ठोसे मारणारी कोळंबी. बोटाएवढी, दिसायची कधीच नाही, नुसती वाजायची. सकाळी टाकीत गोगलगाईचं फुटलेलं कवच सापडायचं. गोगलगाई संपल्या की पाळी माशांची, हे मला माहीत होतं, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"एक झाकण औषध टाकू?" दाढ भरून झाल्यावर भागवतने जड जिभेने विचारलं.

"आणि माझे मासे?"

"ते बी जातील," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मंग सापळा लावू. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून घेऊन आला. पण टाकीजवळ जाण्याआधी बेसिनशी गेला आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागला. साबण, पाणी, पुन्हा साबण...

"किती धुणार?"

"दिवसभर औषधाच्या डब्यात हात असतो माझा. तुमच्या पाण्याला लागाया नको."

आता यात विरघळण्यासारखं काय होतं? पण मी विरघळले. त्याच्या मनगटावरून ओघळणारा फेस मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

खरी पंचाईत आमिषाची झाली. कोळंबीला मासळीच हवी. मी जन्माची शाकाहारी, आणि तो माळकऱ्याच्या घरातला. त्यातून श्रावण! आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही आणा ना," मी म्हटलं.

"मला सगळा बाजार ओळखतो डॉक्टर!"

"मग राहू द्या. मासे मेले तर मेले..." मी मुद्दाम सुस्कारा सोडला.

आठवडी बाजाराच्या दिवशी हा बहाद्दर सुकटीची पुडी घेऊन दारात उभा. मेलेला उंदीर धरावा तशी ती त्याने लांब धरली होती. "जल्दी घ्या... जीव चाललाय माझा!"

मी दोघांनाही मास्क दिले. मी सापळा धरला, त्याने चिमट्याने सुकट आत सोडली. वासाने डोळ्यांत पाणी, आणि मास्कमागे हसू आवरत नव्हतं. तर डोळ्यांचं सांगणार होते... मास्कवर तेवढेच दिसत होते. काळेभोर, हसरे, आणि माझ्यावरून न हलणारे. 

मग रोज संध्याकाळी सुकट बदलायला तो यायचा. कोळंबी काही सापडत नव्हती, आणि खरं सांगू? मला घाई नव्हती.

एके संध्याकाळी तो असतानाच बाबांचा फोन आला. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात माझी नोकरी जमत होती. रविवारपर्यंत कळव, म्हणाले. फोन ठेवून मी ते भागवतला सांगितलं आणि त्याच्याकडे बघितलं. थांब म्हण... नुसतं एकदा म्हण.

"जायाला पाहिजे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पुणं म्हणजे... चांगलंच हाय."

आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. समोरच्या दुकानात दिसायचा, पण मान खाली. मला कशातच करमेना. खिडकी ते खुर्ची, खुर्ची ते खिडकी. चांगल्या दातावर आरसा धरून कीड शोधत होते. इतका राग आला होता त्याचा! आणि इतकी आठवणही.

शनिवारी दुपारी त्याची आई आली. दैवशालाबाई. नऊवारी, कपाळाला बुक्का, आवाज करडा.

"तुम्ही मासे खाता का डॉक्टरीणबाई?"

"नाही हो काकू!"

"मंग माझ्या पोरानं भर श्रावणात सुकट घेतली ती कुणासाठी? सारा गाव बोलून राह्यलाय."

मी गुपचूप टाकीकडे बोट केलं. टक! बाई वाकल्या, सापळा बघितला, सगळी हकीकत ऐकली. मग सरळ होऊन माझ्याकडे वळल्या.

"दाढ बरी झाली का त्याची?"

"केव्हाच."

"अन् तरी रोज येत व्हता?"

माझे कान तापले.

"गूळ आण म्हनलं तर इसरतो माझा भागवत," त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं सुकट खाल्ली असती तर बोलले असते मी त्याला. हे दुखणं त्याच्याहून मोठं हाय." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "दोन दिस जेवला न्हाई नीट. पाठवते त्याला. पुडी तेवढी घरात आणू नको म्हणावं."

त्या गेल्या आणि लाईट गेली. पंप तेवढा इन्व्हर्टरवर चालू होता. पाऊस भुरभुरत होता, दवाखान्यात भरदुपारी अंधार. भागवत धापा टाकत आला, थेट बेसिनशी गेला, हात धुतले.

"आई काय म्हणली?"

"श्श..."

टाकीतल्या काळोखात काहीतरी सळसळलं. हिरवट, चपळ. दगडातून बाहेर, बाटलीच्या तोंडाशी... आत! भागवतने अलगद सापळा उचलला आणि खाऱ्या पाण्याच्या बरणीत तिला सोडलं. एवढीशी, मोरपंखी, डोळे गरागरा फिरवणारी. मारवेना दोघांनाही.

"घावली," तो म्हणाला. पण तोंड असं, जणू काही हरवलंय. "आता... माझं काम न्हाई हिथं."

"कसं नाही? हिला वेगळं घर काढून द्यावं लागेल. रोज खायला लागेल."

"सुकट?"

"सुकट. मला बाजारात जाववत नाही. कोण आणणार?"

तो एकदम, एका दमात म्हणाला, "डॉक्टर, जाऊ नका! चांगलंच हाय म्हणलो ते झूट व्हतं. बिलकुल झूट. मला करमत न्हाई तुमच्याबिगर. आवडता तुम्ही मला."

"हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही कोण, मी कोण... न बोलावता आल्तो ना मी."

"दाढ दुखत होती म्हणून आला होता," मी म्हटलं, आणि त्याचा ओला, साबणाच्या वासाचा हात हातात घेतला. "आता बोलावतेय."

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"जान्हवी, काय ठरलं? उद्या कळवायचंय त्यांना."

"मी इथेच राहतेय, बाबा."

"मंठ्यात? अगं, तिथे आहे कोण आपलं?"

भागवतची बोटं माझ्या हातात गार पडली. मी ती घट्ट धरली.

टक! बरणी वाजली.

"आहे, बाबा," मी म्हटलं. "कुणीतरी आहे."