मुदतवाढ

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली संदर्भग्रंथांची कपाटं हलवली आणि तिथे रंगीत गाद्या टाकल्या, त्या दिवसापासून ताईंचं डोकं फिरलेलं होतं. अर्धं आयुष्य त्यांनी या दालनात काढलेलं. आता तिथे पोरं आडवी पडून मोबाइल चार्ज करायची आणि मुख्य ग्रंथपाल सर पाहुण्यांना सांगायचे, "बघा, वाचक परत आले."

"वाचक नाही, झोपाळू आले," ताई म्हणायच्या. सर हसायचे. त्यांचं हसणंही नव्या फर्निचरसारखं होतं, दिसायला गुबगुबीत आणि बसलं की आतून काही नाही.

त्यात नवी संगणकप्रणाली आली. जे पुस्तक कुणी नेत नाही ते सत्राअखेर आपोआप बाद व्हायचं. नोंदीच्या क्रमाने रोज थोडीथोडी सफाई. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही नको. ताई भांडल्या. उत्तर एकच : "सिस्टीम आहे, ताई."

मग सरांनी 'जिवंत पुस्तकं' काढली. गावातली अनुभवी माणसं खुर्च्यांवर बसणार. वाचकाने कार्ड दाखवून माणूस घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं, परत करायचा. कल्पना वाईट नव्हती, हे ताईंनीही मनातल्या मनात कबूल केलं. पण प्रणालीत कार्यक्रम मोजायची सोयच नव्हती. तिला कळायची फक्त पुस्तकं.

"मग यांना बारकोड लावा," सर म्हणाले.

"माणसांना?"

"गळ्यातल्या ओळखपत्राला हो. वर आकडे दाखवायला नकोत का? नाहीतर दालन काढून घेतील."

दालन जाईल म्हटल्यावर ताईंनी चरफडत नोंदी केल्या. वेगळा प्रकार नव्हता, म्हणून सगळी माणसं 'पुस्तक' याच रकान्यात घातली. उद्घाटनाला एक खुर्ची रिकामी राहिली, तर सर म्हणाले, "तुम्हीच बसा." ताईंनी शेवटचा बारकोड स्वतःला लावला.

वैमानिकाला मागणी होती, परिचारिकेला तर रांग. कोपऱ्यातल्या बाइंडरकाकांकडे कुणी फिरकत नव्हतं. काका इथलेच, निवृत्त. त्यांच्या बांधणीच्या खोलीत आता कॉफीचं मशीन होतं. अंगाला मात्र अजून खळीचा वास यायचा, शिजवलेल्या मैद्याचा, ओलसर.

"ताई, मी अगदी कोरा करकरीत बरं का," ते म्हणायचे. "एका पानाचा कोपरा दुमडला असेल तर शपथ."

"मी घेते तुम्हाला. एवढं काम उरकू दे."

काम उरकलं नाही. या इमारतीत ते कधीच उरकत नाही.

सत्र संपलं. एका सकाळी कोपऱ्यातली खुर्ची रिकामी दिसली.

"काका आले नाहीत?"

"कोण काका?" पहारेकऱ्याने विचारलं. काकांच्या डब्यातलं रोज खाणारा हा माणूस.

सर म्हणाले, "आपल्याकडे बाइंडर कधी होता? बाहेरूनच करून घेतो की आपण." ताईंनी काकांनी बांधलेला जाडजूड ग्रंथ टेबलावर आदळला. सरांनी तो उलटसुलट पाहिला. "चांगलं काम आहे. कुणाचं?"

ताईंनी प्रणालीत शोधलं. नोंद नव्हती. कोपऱ्यात गेल्या, तर खुर्चीभोवती खळीचा ताजा वास होता.

दुपारी चहावाल्याने सगळ्या टेबलांवर कप ठेवले. ताईंच्या टेबलावरून फडका मारला आणि तो पुढे गेला.

"अरे, माझा?"

तो थबकला, इकडेतिकडे पाहिलं आणि मान झटकून निघून गेला.

ताई तरातरा सरांच्या खोलीत गेल्या. "ही सफाई थांबवा. आत्ता."

सर त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांची नजर सैल झाली, मागच्या भिंतीवर गेली. त्यांनी घंटी वाजवली. "हे दार कोण उघडं टाकतं रे सारखं?"

ताईंनी गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. शेवटचा बारकोड. कुणीच कधी न नेलेला.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती याच महाविद्यालयात शिकत होती.

"हॅलो, कोण?"

"अगं, आई."

"...हां. बोला."

बोला. पोटच्या पोरीने.

"तुझं कार्ड घेऊन खाली ये. काही विचारू नकोस, फोन ठेवू नकोस. चालत राहा."

ती आली. गोंधळलेली, फोन कानाला, नजर ताईंच्या आरपार. ताईंनी तिच्या हातातलं कार्ड बारकोड वाचायच्या मशीनखाली धरलं, मग स्वतःचं ओळखपत्र.

मशीन वाजलं.

"आई! इथेच होतीस? मघापासून शोधतेय."

सरांनी दारातून डोकं काढलं. "ताई, चहा झाला का?"

ताईंनी त्यांना शिवी दिली. उभ्या जन्मातली पहिली. सर चक्क दुखावले. ताईंना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. सफाई काही थांबली नाही. ताईंच्या अर्जावर सरांनी 'सिस्टीम' एवढंच लिहिलं. संध्याकाळी मायलेकी घरी बसल्या होत्या, तेव्हा लेकीचा मोबाइल वाजला.

"ग्रंथालयाचं आहे. पुस्तकाची मुदत उद्या संपतेय, परत करा म्हणे."

"मुदत वाढव."

लेकीने बोट दाबलं. पुन्हा दाबलं.

"होत नाहीये, गं. दुसऱ्या वाचकाने मागणी नोंदवलीय."

ताईंनी मोबाइल घेऊन स्वतः बोट दाबून पाहिलं.

"आई, गॅसवर काही ठेवलंयस का?" लेकीने नाक वर केलं. "मैदा शिजल्यासारखा वास येतोय."

गॅस बंद होता.